मासळी कशातून न्यायची? (पिशवीबंदी, १२० मायक्रॉन आणि आपला दर्या)

तेरेखोलकाठ | रविवार, रात्री ९:४०

आज सकाळी मामेभावाच्या रापणीला हात लावायला गेलो होतो. हात लावायला म्हणजे दोर ओढणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून आपणही ओढतोय असं दाखवायला. खरा जोर लावतात ते साठीच्या पुढचेच. तरणी पोरं शॅकवर, नाहीतर जहाजावर. दोनेक तासांनी जाळं काठाला लागलं. पेडवे बरे होते, थोडे बांगडे, चार लेपे, कुर्ल्या. आणि पिशव्या. मोजायला बसलो, चाळीसच्या पुढे सोडून दिलं.

समुद्रातून आलेली पिशवी आपल्या ओळखीची राहत नाही. रंग उडालेला, पोटात वाळू भरून ओल्या चिंधीसारखी जड झालेली, अंगाला बारीक शिंपले चिकटलेले. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी आणि तिसरीत एक मेलेला पेडवा. एकीवर मिठाईच्या दुकानाची छपाई होती. नाव पुसलेलं, खाली फोन नंबरचे पहिले आकडे शिल्लक. ०८३२, म्हणजे आपल्या गोव्याचे, नव्हते. रापणीतला एक म्हातारा पिशव्या झटकत म्हणाला, "आदीं आमी जाळ्यांतलें शेवाळ काडटाले, आतां पोत्यो काडटात." (पोत्यो म्हणजे पिशव्या.)

यापुढचा भाग लिहायला लाज वाटते. भावाने माझा वाटा दिला तो खिशातून काढलेल्या पातळ निळ्या पिशवीत. आणि मी घेतला. घरी येऊन बायकोने ती सिंकमध्ये उपडी केली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

नियम नाही असं नाही. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग देशभर बंद आहे. आपल्याकडे तर नॉन-बायोडिग्रेडेबल कचऱ्याचा कायदा १९९६ पासून आहे. मोठ्या दुकानांतून पातळ पिशवी बऱ्यापैकी गेलीही. कपड्यांच्या दुकानात कागदी मिळते, औषधवाला काही देतच नाही. पण मासळी मार्केटात जा, जणू काही घडलंच नाही. मला वाटतं, आपली पिशवीबंदी अडते ती मासळीपाशी. ओला जिन्नस, वास, गळणारं पाणी, त्यात घाई. नियम लिहिणाऱ्याने याचा विचारच केलेला नाही. तुमचा अनुभव काय?

अंत्रुजी दुकानदार | सोमवार, सकाळी ७:१५

मासळीपाशीच अडते असं नाही, आमच्यापाशीही अडते. किराणा आहे, फोंड्याकडे. खरं सांगतो, माझ्याकडे दोन गठ्ठे असतात. वरचा जाड, छापील, पाच रुपये घेऊन द्यायचा. खालचा पातळ, मागणाऱ्याला. वरच्यातली पिशवी दिवसाला दोन जातात. पाच रुपये म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं, "राहू द्या, हातात नेतो," आणि मग हातात मावत नाही म्हणून खालची मागतं. नाही दिली तर पन्नास पावलांवर दुसरं दुकान आहे.

मला एकदा दंड झालाय. तक्रार नाही, चूक माझी. पण दंड करणाऱ्याला मी विचारलं की हा माल येतो कुठून ते कधी बघितलंत का? पहाटे टेम्पो येतो, राज्याबाहेरचा, बिल नाही, पावती नाही. त्याला कोण अडवतं? तर म्हणाला, तो आमचा विषय नाही.

मायक्रॉनवाला | सोमवार, दुपारी १:३०

तीस वर्षं फिल्म प्लांटवर काढली, आता घरी बसून नातवाला 'मायक्रॉन म्हणजे काय' शिकवतो. तेच इथे सांगतो.

१ मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटरचा हजारावा भाग. दाणे वितळवून गोल फटीतून नळीसारखे वर ओढतात, आत हवा भरतात, मोठा फुगा तयार होतो. तो फुगा जितका ताणाल तितकी फिल्म पातळ आणि तितक्याच किलोत जास्त पिशव्या. सगळा धंदा या ताणण्यात आहे. १९९९ च्या नियमात किमान जाडी २० मायक्रॉन होती. २०११ मध्ये ४० झाली, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि मग १२०. दर वेळी आम्ही मशीन पुन्हा सेट केलं. ज्यांना नियम पाळायचा नव्हता त्यांनी केलं नाही. विषय संपला.

जाडी वाढवण्यामागचा हेतू बरा होता. जाड पिशवी महाग पडते म्हणून दुकानदार फुकट देणार नाही, गिऱ्हाईक जपून वापरेल आणि भंगारवालाही उचलेल, कारण पातळ पिशव्यांचं किलोभर वजन भरायला त्याची दुपार जाते. पण हिशेब करून बघा. त्याच मापाच्या १२० मायक्रॉनच्या पिशवीला ५० वालीपेक्षा २.४ पट प्लास्टिक लागतं. ती एकदाच वापरून फेकली तर आपण काय कमावलं? कॅलिफोर्नियात अगदी हेच झालं. पातळ पिशवी बंद केली, जाड 'पुन्हा वापरायची' म्हणून चालू ठेवली, लोकांनी जाडही एकदाच वापरली. शेवटी २०२४ मध्ये नवा कायदा करून २०२६ पासून तीही बंद करायची वेळ आली.

बोटाने चोळून १२० आणि ८० मधला फरक मलाही खात्रीने सांगता येत नाही, मार्केटात फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला काय येणार? त्यासाठी जाडी मोजायचा गेज लागतो. पण गेज नसला तरी एक सोपी खूण आहे. २०१६ च्या नियमाप्रमाणे पिशवीवर उत्पादकाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापलेली हवी (२०२५ पासून त्याऐवजी बारकोड किंवा क्यूआर कोडही चालतो). कोरी पिशवी म्हणजे बेकायदा पिशवी, मोजायची गरजच नाही. दुकानदारसाहेब, तुमचा खालचा गठ्ठा कोरा आहे ना?

अंत्रुजी दुकानदार | सोमवार, दुपारी १:५२

कोराच आहे. 😀

पुण्याची पाहुणी | सोमवार, संध्याकाळी ६:०५

आमच्याकडे २०१८ मध्ये बंदी आली तेव्हा पहिले दोन महिने सगळे कापडी पिशव्या घेऊन फिरत होते. मग पिशव्या हळूहळू परत आल्या, आधी भाजीवाल्यांकडे, मग सगळीकडे. पण मला वाटतं गोव्यात खरा कचरा आम्ही पर्यटकच करतो. कळंगुटला डिसेंबरात बघवत नाही. तुम्ही लोक कशाला स्वतःला दोष देताय?

तेरेखोलकाठ | सोमवार, रात्री ८:३०

पाहुणे, मोठं मन आहे तुमचं. पण जाळ्यात आलेल्या पिशव्यांत चिप्सची पाकिटं थोडी होती, कांदे-बटाट्याच्या आणि मासळीच्या पिशव्या जास्त. पर्यटक हॉटेलात जेवतो, तो बांगडे विकत घेऊन पिशवीत नेत नाही.

शेवटची पाटी | सोमवार, रात्री १०:५०

मी सहसा लिहीत नाही, वाचते. पण वरचं 'जणू काही घडलंच नाही' वाचून राहवलं नाही. माझी आई म्हापशाला मासळी विकते. आजीही विकायची.

आजीच्या वेळी पिशवी नव्हती. पांटलो (टोपली) डोक्यावर घेऊन ती घरोघर जायची आणि लोक घरातलं ताट नाहीतर मातीचं भांडं घेऊन दारात यायचे. मार्केटात बसायला लागली तेव्हा पानं होती. सागाचं नाहीतर केळीचं पान, त्यावर मासळी, वर दुसरं पान आणि केळीच्या सोपटाने बांधलेली गाठ. शुक्रवारी डोंगराकडच्या बायका पानांचे बिंडे घेऊन यायच्या. आई सांगते, एक बाई फक्त पानं विकून घर चालवायची. ती यायची थांबली, कारण पिशवी पानापेक्षा स्वस्त झाली. आता तुम्ही म्हणाल पानं परत आणा. कुठून? तोडणारं कोण राहिलंय?

आता आईचं काम जवळून सांगते. सकाळी साडेसहाला बर्फ, सातला पहिलं गिऱ्हाईक. एका हातात कोयती, दुसऱ्या हाताला खवले आणि रक्त. त्या हाताने पिशवी सुटी करायची म्हणजे तोंडाने फुंकर मारायची, पदराला बोट पुसायचं, तेवढ्यात मागचा ओरडतो, "बाय, म्हजें बेगीन कर गो." पिशवी घातली की गिऱ्हाईक म्हणतं, आणखी एक घाल, डिकीत गळेल. मग तिसरी, गाठ मारलेल्या दोन्हींना हातात धरायला. एक वाटा बांगडे, तीन पिशव्या. आई पिशव्या किलोवर विकत घेते, स्वतःच्या पैशाने. तिला काय हौस आहे?

मध्यंतरी तिने पिशवीचे दोन रुपये मागून बघितले. सहाशेची विसवण (सुरमई) घेणारा पात्रांव (शेठ) दोन रुपयांवरून वाद घालून शेजारणीकडे गेला. शेजारणीने फुकट दिली. आईने दुसऱ्या दिवसापासून मागणं सोडलं.

दंडाचं माणूस येतं तेव्हा आमच्या रांगेत येतं. टेम्पोवाल्याकडे जात नाही हे दुकानदारकाकांनी लिहिलंच आहे.

अंत्रुजी दुकानदार | सोमवार, रात्री ११:१०

बाय, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. शेजारणीचं तेच माझंही. एकट्याने घेऊन चालत नाही.

संशयात्मा | मंगळवार, सकाळी ९:००

सगळं भावनिक चाललंय म्हणून थोडं थंड पाणी ओततो.

१) डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशेब केला होता. सगळे पर्यावरणीय परिणाम धरले तर साध्या सुती पिशवीला प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करायला ७,१०० वेळा वापरावं लागतं. सेंद्रिय कापूस असेल तर २०,००० वेळा. तुमच्या घरात दाराच्या मागे किती कापडी पिशव्या लटकल्यात ते मोजा.

२) बाजारात 'कापडी' म्हणून मिळणारी ती मऊ, रंगीत पिशवी कापड नाहीच. नॉन-वोवन म्हणजे पॉलीप्रोपिलीन, प्लास्टिकच. आपला नियम तिला ६० जीएसएमच्या (चौरस मीटरला ६० ग्रॅम) वर असेल तर चालू देतो. उन्हात चार महिने ठेवा, हाताला पीठ लागतं.

३) समुद्रात पिशव्यांपेक्षा जास्त घातक सुटलेली जाळी आहेत. ट्रॉलरवर कोण बोलणार?

शेवटची पाटी | मंगळवार, सकाळी ९:४०

दारामागच्या मोजल्या. अकरा. त्यातल्या चार लग्नात मिळालेल्या.

दर्यावर्दी नसलेला | मंगळवार, दुपारी ४:२०

(समुद्रशास्त्राची पदवी आहे, नोकरी मात्र बँकेत.)

संशयात्मा, डेन्मार्कचा आकडा बरोबर आहे, पण त्या हिशेबात एक गोष्ट धरलेलीच नव्हती: पिशवी उघड्यावर पडून समुद्रात जाते ती. डेन्मार्कमध्ये ती बहुतेक भट्टीत जाते. इथे गटारात जाते. आणि त्यातही फक्त हवामानाचा परिणाम बघितला तर साध्या सुती पिशवीचा आकडा ५२ वर येतो. वर्षभर आठवड्याला एक बाजार.

बाकी समुद्राचं म्हणाल तर पॉलीथिन पाण्यापेक्षा हलकं. ते तरंगतं. मग त्यावर शेवाळ, शिंपले बसतात, वजन वाढतं आणि ते हळूहळू खाली जातं. धागाकर्त्यांना मिळालेली वाळूवाली पिशवी म्हणजे तळ गाठून आलेली. नद्यांबद्दल २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्याआधी समजूत होती की गंगा-यांगत्सेसारख्या दहावीस नद्याच सगळा कचरा आणतात. त्यात निघालं की नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के आणायला हजाराहून जास्त नद्या लागतात, आणि त्यात शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्या खूप. आपली साळ नदी आठवा. लांबीला किती? पण मडगावाच्या कुशीतून जाते.

०८३२ नसलेल्या पिशवीचं कोडंही सुटतं. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. म्हणजे सिंधुदुर्गाकडचं आपल्याकडे आणि आपलं कारवारकडे. नोव्हेंबरनंतर तो उलटतो, मग कारवारचं आपल्याकडे. उन्हाळ्याच्या शेवटी डांबराच्या गोळ्या वाळूत येतात, त्याही अशाच दुसऱ्याच्या घरून. एका राज्याच्या बंदीचा एवढाच उपयोग होतो हे मान्य करायला हवं. कासवं तर सीमा मानतच नाहीत. मोरजी, आगोंद, गालजीबागला ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येते ती कुठे काय गिळून आलेली असते ते आपल्या हातात नाही.

बंदीने काही होतं का, यावर अमेरिकेतल्या किनारा-सफाईच्या हजारो नोंदी तपासून २०२५ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक निबंध आला. जिथे पिशव्यांचे नियम आहेत तिथे एकूण कचऱ्यातला पिशव्यांचा वाटा २५ ते ४७ टक्क्यांनी कमी भरला. पण खोच पुढे आहे. फक्त पातळ पिशवी बंद करून जाड चालू ठेवणाऱ्या नियमांचा परिणाम सर्वांत पुसट निघाला. पिशवीला पैसे लावणं किंवा सरसकट बंदी, यांचा ठळक.

१२० मायक्रॉन कुठल्या गटात बसतं ते सांगायला नको.

मायक्रॉनवाला | मंगळवार, संध्याकाळी ५:००

पैसे लावण्यावरून आठवलं, लोकांच्या लक्षात नाही. २०११ च्या नियमात स्पष्ट होतं की दुकानदाराने कॅरीबॅग फुकट द्यायची नाही. २०१६ मध्ये त्याच्या पुढे गेले: पिशवी देणाऱ्या विक्रेत्याने नगरपालिका-पंचायतीकडे नोंदणी करायची आणि वर्षाला किमान ४८,००० रुपये भरायचे, म्हणजे महिन्याला ४,०००. मॉलवाल्याला आणि शेवटची पाटी यांच्या आईला एकच दर! अर्थातच कुणी भरले नाहीत. २०१८ मध्ये ते कलमच काढून टाकलं. म्हणजे फुकट न देण्याचा साधा नियम गेला, त्याच्या जागी आलेला अशक्य नियमही गेला. राहिले मायक्रॉन.

आणखी एक बारकावा. नियमातली 'कॅरीबॅग' म्हणजे धरून नेण्याची सोय असलेली पिशवी. मूठ नसलेली, रोलवरून फाडायची पारदर्शक पिशवी त्या व्याख्येत ओढायची की नाही यावर मी बैठकांमध्ये तासन्‌तास वाद ऐकलेत. चहा बरा असायचा.

नुसता वाचक | मंगळवार, रात्री ८:१५

एवढी चर्चा कशाला? डबा घेऊन जावा. आमचे वडील न्यायचे. स्टीलचा, झाकणाचा. प्रश्न मिटला.

शेवटची पाटी | मंगळवार, रात्री ८:४०

वडील सकाळी घरून निघून मार्केटात जायचे आणि परत घरी यायचे. आज आईकडची अर्धी गिऱ्हाइकं संध्याकाळी ऑफिसातून सुटून, बस गाठायच्या आधी येतात. पाच वाजेपर्यंत त्यांचं मासळी घ्यायचं ठरलेलं नसतं. ताजी दिसली की घेतात. डबा कपाटात ठेवून ऑफिसला जाणारा माणूस मला दाखवा. आणि कदंबाच्या (आपल्या सरकारी बसच्या) कंडक्टरने एकदा गळक्या पिशवीवरून खाली उतरवलं की तो माणूस जन्मभर तीन पिशव्या मागतो.

तेरेखोलकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

नेमकं हेच. भाजीला कापडी पिशवी चालते, किराण्याला चालते, आणि स्कूटरच्या डिकीत एक कायम पडून राहू शकते. मासळीला नाही. मी थोडं शोधलं. पिशवीवर कर लावून ती बंद करण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण आयर्लंडचं. मार्च २००२ मध्ये प्रत्येक पिशवीला १५ सेंट लावले आणि वापर जवळपास ९० टक्क्यांनी पडला. सगळे त्याचं कौतुक करतात. पण त्या नियमात ताज्या मासळी-मटणाच्या छोट्या पिशव्यांना सूट आहे! इंग्लंडने २०१५ मध्ये पाच पेन्स लावले, तिथेही कच्ची मासळी वगळली. म्हणजे जग आपल्याच पायरीवर येऊन थांबलंय.

त्यांचं भागतं, कारण आठवड्यातून एकदा मासळी. आपलं रोज. बांगलादेशचंही रोज. त्यांनी २००२ मध्येच, पुरात गटारं तुंबल्यावर, जगात सर्वांत आधी पातळ पिशवी बंद केली. आणि २०२४ मध्ये मंडयांमधून तीच बंदी पुन्हा नव्याने जाहीर करावी लागली. मासे खाणाऱ्यांचा देश, आणखी काय.

पुण्याची पाहुणी | मंगळवार, रात्री ९:५०

मग कंपोस्टेबल पिशवी? हिरवी असते ती. तिला जाडीची अट नाही ना?

मायक्रॉनवाला | बुधवार, सकाळी ७:४५

नाही. पण प्रमाणपत्र लागतं आणि ते खोटं छापणारे पुष्कळ. 'बायोडिग्रेडेबल' आणि 'कंपोस्टेबल' हे शब्द तर कुणीही कशावरही छापतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने अशा पिशव्या जमिनीत, हवेत आणि समुद्रात ठेवून बघितल्या, २०१९ मध्ये निकाल छापला. बायोडिग्रेडेबल म्हणवणारी पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनही सामान उचलत होती. कंपोस्टेबल समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनीही शिल्लक होती, फक्त वजन पेलत नव्हती. तिला भट्टीसारखी ऊब असलेला कंपोस्टचा ढीग लागतो. मासळीला ती ओलाव्याने लवकर ढिली पडते हे वेगळंच.

सत्तरीचा | बुधवार, दुपारी १२:२०

तुम्ही सगळे किनाऱ्यावरून बोलताय. मी वरून बोलतो. आमच्याकडे समुद्र नाही, पण तुमच्याकडे येतं ते इथूनही निघतं.

साखळीला वाळवंटीला पूर येऊन गेला की काठच्या झुडपांकडे बघा. पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथे एका ओळीत पिशव्या लटकलेल्या असतात. सरळ रेघ, फूटपट्टीने आखल्यासारखी. माझ्या लहानपणी पुराची खूण भिंतीवरच्या चिखलाने सांगायचे, आता पिशव्यांवरून सांगतात: "यंदा दोन हात वर होत्या." पुढचा पूर आला की त्या सुटतात आणि वाळवंटीतून म्हादई-मांडवीत, तिथून पणजीच्या पुलांखालून तुमच्याकडे.

या पिशव्या येतात कुठून? जत्रा, लग्नं, चवथीचा बाजार. आणि घरगुती कचऱ्याचे रात्री रस्त्याकडेला फेकलेले गठ्ठे. पणजीत महानगरपालिका १६ प्रकारांत कचरा वेगळा करते म्हणतात, कौतुक आहे. साळगावला प्रकल्प २०१६ पासून चालू आहे, काकोड्यालाही झाला. पण प्रकल्पापर्यंत कचरा पोचला तर. पुलावरून गाडी हळू करून काच खाली होते, ती गाडी कुठल्या प्रकल्पाला जात नाही.

संशयात्मा | बुधवार, दुपारी १:००

पुलावरून फेकण्याबद्दल पूर्ण सहमत. माझा आक्षेप मागे नाही, पण थोडा सैल केला.

(अवांतर: 'पोती' हा शब्द मराठीत कोणी वापरू नये, पिशवी म्हणावं.)

अंत्रुजी दुकानदार | बुधवार, दुपारी १:०४

(अवांतराला अवांतर: आमच्यात पोतीच म्हणतात. तुम्ही कोण सांगणार?)

संपादक | बुधवार, दुपारी १:३०

कोकणी-मराठीचे सहा धागे आधीच चालू आहेत. तिकडे जावे. त्यानंतरचे आठ प्रतिसाद उडवले आहेत.

शेवटची पाटी | बुधवार, रात्री १०:१५

काल आईला हा धागा वाचून दाखवला. आयर्लंडचं ऐकून ती म्हणाली, त्यांना सूट दिली कारण त्यांना काय द्यायचं ते सुचलं नाही. मग तिने एक सांगितलं ते लिहिते.

तिचं म्हणणं, पिशवी तीन नको, एकच पुरे, पण चांगली. जाड, झाकणाची चेन असलेली, धुता येईल अशी. दारूच्या बाटलीसारखी अनामत ठेवा. (नीलगिरीत बाटलीमागे दहा रुपये जास्त घेतात आणि बाटली परत दिली की ते परत देतात, हे मी तिला आधी सांगितलं होतं. आपल्याकडेही अनामत योजनेची अधिसूचना २०२४ मध्ये निघाली, पण ती बाटल्या-पाकिटांसाठी.) मार्केटने पिशव्या घ्यायच्या, सगळ्या बायकांकडे सारख्या. गिऱ्हाईक पंचवीस रुपये ठेवेल, परत आणेल तेव्हा कोणत्याही बाईकडे देईल. एकटीने मागितले तर पात्रांव शेजारणीकडे जातो, सगळ्यांनी मागितले तर जाणार कुठे?

मी विचारलं, धुणार कोण? म्हणाली, तेच तर. मार्केटात नळाला पाणी सकाळी दोन तास असतं.

दर्यावर्दी नसलेला | बुधवार, रात्री १०:४०

इतक्या दिवसांतलं या विषयावर वाचलेलं सर्वांत शहाणं वाक्य शेवटचं आहे. पिशव्यांचं धोरण पाण्याच्या नळापाशी येऊन थांबलं.

मायक्रॉनवाला | गुरुवार, सकाळी ८:००

आईंना सांगा, चेनवाली नको, चेनमध्ये खवले अडकतात. तोंड दुमडून बंद होणारी करा. आतून गुळगुळीत, शिवण नाही, कडा गरम दाबून जोडलेल्या. नमुना मी करून देतो, ओळखीच्या कारखान्यात. पैसे नकोत, एक वाटा लेपे चालतील.

तेरेखोलकाठ | नऊ आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ८:५५

धागा वर काढतो, कारण काही जणांनी खासगी निरोप पाठवून विचारलं.

आमच्या ग्रामसभेत मी विषय मांडला: गावातल्या बाजारात कोणीही पिशवी फुकट द्यायची नाही, सगळ्यांनी पाच रुपये घ्यायचे, आणि कोरी पिशवी दिसली तर माल घेऊन येणाऱ्या टेम्पोवर कारवाई. पहिल्या दोन मुद्द्यांवर हात वर झाले. टेम्पोच्या मुद्द्यावर कुणीतरी विचारलं की टेम्पो कुणाचा ते सगळ्यांना माहीत आहे, मग नाव ठरावात लिहायचं का? त्यानंतर रस्त्याच्या खड्ड्यांवर चर्चा सुरू झाली. विषय पुढच्या सभेवर गेला.

स्वतःचं म्हणाल तर डिकीत आता कायम एक झाकणाचा डबा असतो. नऊ शुक्रवारांपैकी सहा वेळा आठवणीने वापरला. तीनदा डबा घरी घासायला ठेवलेला आणि मी मार्केटात. त्यातल्या एका वेळी बाईने पिशवी द्यायला नकार दिला आणि दोन बांगडे वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. अग्रलेखाची शाई बांगड्यावर उतरली, धुतल्यावर गेली. (शाई अन्नाला लागू नये हे मला माहीत आहे, कृपया त्यावर प्रतिसाद नकोत.)

मामेभाऊ अजून निळी पिशवीच काढतो. मी मागे हात घेतो. तो म्हणतो, "मागीर नुस्तें कशें व्हरतलो, खिशांत घालून?" (नुस्तें म्हणजे मासळी.)

शेवटची पाटी | शुक्रवार, रात्री ९:३०

मायक्रॉनवाले काकांनी दहा नमुने पाठवले. तोंड दुमडणारे, पांढरे. आईने नेहमीच्या दहा गिऱ्हाइकांना दिले, अनामत न घेता, कारण पंचवीस मागायची तिला लाज वाटली. चार परत येतात-जातात. तीनमध्ये लोकांनी घरी काय ठेवलंय कोण जाणे, एकीने सांगितलं की फ्रीजरमध्ये मटार छान राहतात. तिघांचा पत्ता नाही. पाणी अजून सकाळीच दोन तास, पण आई उरलेल्या बर्फाच्या पाण्याने पहिला हात मारते, मग घरी आणून साबणाने.

लेपे मंगळवारी पाठवलेत, मिळाले का?

आणि या धाग्यावरचं वाचून डबे आणणारे दोनतीन जण वाढलेत, ते विसरूनही जातात. आईकडे दोन डबे पडून आहेत. एक अल्युमिनियमचा, चेपलेला. दुसरा स्टीलचा, बुडाला 'लग्नात मामाकडून' कोरलंय, वरचं नाव घासून गेलंय. कुणाचे असतील तर शुक्रवारी दहाच्या आत घेऊन जा, नंतर ती त्यात सुंगटं (कोळंबी) सोलायला बसते.